अप्पांचा माग आणि माझी जपानी गाडी

परवा शनिवारी सकाळी प्लेनोहून ह्यूस्टनला निघालो... मी ड्राइव्ह करतेय आणि मागच्या सीटवर अप्पा. मैत्रिणीकडे वास्तुशांत होती, बाराच्या आत पोचायचं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमाग चालवला, आणि या जानेवारीत पहिल्यांदाच इकडे आलेत. इथलं सगळं त्यांना चालतं... थंडी, फ्रोजन पराठे, दिवसभर माणूस न दिसणारे रस्तेसुद्धा. फक्त माझ्या गाडीत बसायचं म्हटलं की तोंड वाकडं.

ग्रोसरीला चला म्हटलं तर "मी चालत येतो". तेही प्लेनोत, जिथे फूटपाथ मध्येच संपतो! बसलेच तर मागे, पाहुण्यासारखं अंग चोरून. त्यात एप्रिलचं परतीचं तिकीट अलीकडे घे म्हणून रोजचा तगादा... माझं काय चुकलं तेच मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटत होतं.

बरं, गाडीला नावं ठेवायला जागा नाही. जपानी कंपनीची, आणि देशी मंडळींत हिची कीर्ती अशी की नवीन आलेल्या माणसाला दहा जण एकच नाव सांगतात. मी सेकंडहँड घेतली, दीड लाख मैल झाले, ऑइल आणि टायरपलीकडे तिने काही मागितलं नाही. हे सगळं कौतुक मी अप्पांना एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच ऐकवलं होतं. ते गाडीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचत राहिले, "हं" म्हणाले, आणि मागचं दार उघडून बसले.

तर परवा... डॅशबोर्डवर टायरचा दिवा चार दिवस लागलेला होता. थंडीत हवा कमी होते, लागतोच तो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, लाल अलर्ट बघायचा आणि 'नोन इश्यू', म्हणजे माहीत असलेलीच अडचण, म्हणून पुढे जायचं हे अंगवळणी पडलंय.

हायवेला लागून दहा मिनिटं झाली नसतील, मागून आवाज आला. "गाडी थांबीव."

मी म्हटलं, अप्पा, उशीर होतोय, काही झालेलं नाही.

"झालंय. पायाला कळतंय माझ्या. चाकात कायतरी हाय."

"अहो, थंडीमुळे होतं, म्हणून तर तो दिवा लागलाय..."

"म्हणजे दिवा बी लागलाय?"

तो सूर मी शाळेत असल्यापासून ओळखते, मुकाट्याने एक्झिट घेतली.

टायर शॉपमधल्या माणसाने चाक काढून दाखवलं. मागच्या टायरमध्ये खिळा, आणि कमी हवेवर चालवून चालवून आतल्या बाजूला आलेला फुगा. पंच्याहत्तरच्या स्पीडला हा फुटला असता, तो शांतपणे म्हणाला.

टायर बदलायला तासभर लागणार होता, म्हणजे वास्तुशांत हुकली. बाकावर कॉफी घेऊन बसलो आणि मी शेवटी विचारलंच. या गाडीशी तुमचं एवढं वाकडं काय आहे?

अप्पा म्हणाले, "आमच्या शेठनं जुनं माग भंगारात काढलं न्हवं... त्या जागी आलं ते ह्याच कंपनीचं. हेच नाव, हीच अक्षरं."

मला हे माहीतच नव्हतं. अप्पांचं काम सुटलं, मग ते एका दुकानात लागले, एवढंच माहीत होतं. मी तेव्हा बारावीत होते... कुणाचे माग, कुठून आले, हे विचारायचं सुचलंही नाही.

"चार मागांवर नजर ठिवायची, धागा तुटला की धावत जाऊन माग थांबवायचा. तीस वर्षं तेच केलं. आणि ह्येंच्या मागात प्रत्येक धाग्याला येवढीशी पत्ती. धागा तुटला की पत्ती पडतीया, माग आपला आपण थांबतोय." मग म्हणाले, "मशीनवर कोण राग धरतं व्हय? पण बसवत न्हाई बघ त्यात."

मी फोनवर शोधलं. खरंच की... कंपनीच्या घराण्याचा मूळ धंदा मागांचा, गाड्या नंतर आल्या. धागा तुटल्यावर आपोआप थांबणारा माग हीच त्यांची पहिली ख्याती. तीच रीत पुढे गाडीच्या कारखान्यात नेली, चूक दिसली तर साधा कामगारही अख्खी लाइन थांबवू शकतो. हे मी अप्पांना वाचून दाखवलं.

"कामगारानं?" ते हसले. "आमच्यात माग थांबला की शेठ आधी कामगारावर वरडायचा."

मी म्हटलं, "अप्पा, यांची पत्ती चार दिवसांपूर्वीच पडली होती. दिवा लागलेलाच होता. गाडी थांबवली ती तुम्ही."

अप्पा रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

टायर बसला, मी किल्ली घेऊन आले. बघते तर अप्पा पुढच्या सीटवर, बेल्ट लावून तयार. ह्यूस्टन नको, घरीच चल म्हणाले, आणि वाटेत तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही काढला.

आज सोमवार. ऑफिसला निघाले तर अप्पा कानटोपी घालून माझ्याआधी बाहेर. गाडीभोवती चक्कर मारून चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, आत वाकून डॅशबोर्ड बघितला आणि दोन पावलं मागे सरले. मग माग सुरू करायला सांगावं तसा हात वर करून म्हणाले, "हं... चालव."