ज्या घरी जेवलो, त्या घरची जोडी

घोड्यांच्या शर्यतींची वर्णने मी पुष्कळ वाचली होती. आपल्याच जिल्ह्यातला बैलांचा शंकरपट मात्र चाळिशी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. शिक्षकाने अशा ठिकाणी जावे की नाही, या विचारातच अनेक वर्षे गेली. अखेर ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, एका सहकाऱ्याचे थोरले बंधू भगवानराव यांचे निमंत्रण आले आणि मी निघालो.

वर्ध्याहून देवळीपर्यंत एस. टी. होती, तिकीट दोन-अडीच रुपयांचे. पुढचे पाच मैल भगवानरावांच्या बैलगाडीतून. दोन्ही अंगांना वेचणी संपत आलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि घाटे धरलेला हरभरा. गावात उतरण्याची अन्य सोय नव्हती. पटाला आलेला परगावचा माणूस कोणाच्या तरी घरी उतरतो. मी भगवानरावांकडेच उतरलो. रात्री वहिनींनी पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. रस्सा इतका तिखट होता, की मी तीन तांबे पाणी प्यालो.

जेवणानंतर भगवानराव मला गोठ्यात घेऊन गेले. पवळ्या नावाच्या वयस्क बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गुरुजी, हा तीनदा दुसरा आला. यंदा शेवटचा पट. एकदा पह्यला नंबर आला, का मंग याच्या मानेवर जू ठेवत नाई."

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात हजारभर माणसे जमली होती. आखलेल्या सरळ पट्टीवरून एकेक जोडी हलक्या छकड्याला जुंपून सोडत आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजत. पंचांपैकी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले.

"मास्तर, पटात तुमचं कोनी हाय का?"

"नाही. माझा कोणीही नातेवाईक नाही."

"मंग घड्याळ तुमीच धरा. बाहेरच्या मानसाले कोनाचं घेनं-देनं नसते."

माझ्या काटेकोरपणावर माझा विश्वास होता. दिवसभर मी एकेका जोडीचा वेळ मोजला. दुपार कलल्यावर भगवानरावांची जोडी आली, तेव्हा मागून कोणी ओरडले, "अबे, पवळ्याले पेन्शनीत पाठव ना आता!"

"तुह्या जोडीपेक्षा पवळ्याची सावली पुढं राह्यते, बे!" दुसऱ्याने सुनावले.

निशाण पडले. धुळीच्या लोटातून मला फक्त पवळ्याची पुढे ताणलेली मान दिसली. रेषा ओलांडताच मी कळ दाबली. वेळ दिवसभरातला सर्वांत कमी होता. तो पुकारला, तेव्हा टोप्या उडाल्या.

भगवानराव पंचांकडे आले. मला वाटले, नमस्कार करायला.

"हे घड्याळ चालत नाई," ते म्हणाले. "गुरुजी माह्या घरी उतरले. रातच्यालेच जेवले."

ज्याच्या घरचे अन्न खाल्ले, त्याच्या जोडीचे घड्याळ धरायचे नाही, हा तिथला नियम मला ठाऊक नव्हता. घड्याळ कोणाच्या हातात आहे, हे सकाळपासून जोडीच्या तयारीत गुंतलेल्या भगवानरावांनीही पाहिले नव्हते. मी पंचांना कळवळून सांगितले, "वेळ अचूक आहे. मी शपथेवर सांगतो."

"वेळ बरोबरच असन, मास्तर," वृद्ध पंच शांतपणे म्हणाले. "पन ते आमी मानावं कसं? भगवान, दुसऱ्या घड्याळावर अजून एक डाव जोडी सोड."

भगवानरावांनी पवळ्याकडे पाहिले. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, तोंडातून फेस गळत होता.

"नाई सोडत," एवढेच बोलून त्यांनी जू उतरवले.

परतताना आम्ही दोघे पायी चाललो. छकडा गड्याकडे होता. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुमाले काऊन दोष देऊ? पाहुन्याले जेवू घातलं, ते का चुकलं?" गोठ्यात शिरल्यावर मात्र, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

शंकरपटाला अवश्य जा. जानेवारीत जा, गावातच मुक्काम करा आणि वाढतील ते मुकाट्याने खा. पण कोणी हाती घड्याळ दिले, तर विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देऊन थांबू नका. रात्री कोणाकडे जेवलात, तेही सांगा.

मी वर्ध्याला परतलो, तेव्हा पत्नीने विचारले, "पहिला नंबर कोणाचा आला?" मी पवळ्याचे नाव सांगितले. आयुष्यभर अचूक उत्तरांचा आग्रह धरणाऱ्या मी ते उत्तर आजवर दुरुस्त केलेले नाही.