भिंतीतून येणारा चहा

हिंगणघाटच्या आमच्या घरात बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. घर बांधताना ह्यांनी ती मुद्दाम ठेवून घेतली. दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्याकडे समाजवादाचा अभ्यासवर्ग भरतो. ट्रे घेऊन मला चर्चेच्या मधून जावं लागू नये, हा त्यामागचा विचार. तो माझी काळजी म्हणून होता की चर्चेची, हे बावीस वर्षांत मी विचारलं नाही.

आठवड्याचे सहा दिवस मी शाळेत उभी असते. सातव्या दिवशी अंग टेकावं म्हटलं, तर अकरा कपांचं आधण ठेवायचं असतं. म्हणून त्या रविवारी मी ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं, वर्ग दुसरीकडे भरवा. गुडघे दुखतात हे कारण सगळ्यांना पटलं असतं. पण मी दमले होते, आणि मला तेच सांगायचं होतं.

त्या दिवशी विषय मांडायची पाळी मागच्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोरीची होती. वर्गात ती एकटीच मुलगी, नुकतीच यायला लागलेली. मोबाइलवर पाहत असलेल्या कुठल्याशा विदेशी मालिकेतली पुढच्या काळातली दुनिया ती सांगत होती.

"तिथं पैसा नाई, कोणी गरीब नाई. भिंतीत एक खण राह्यते. समोर जाऊन चाय म्हटलं का चाय येते. कोणाले काई करा लागत नाई. मंग याले समाजवाद म्हणायचं का नाई?"

मी त्याच वेळी खिडकीतून ट्रे पुढे सरकवत होते. कुणीतरी वळून न बघता हात मागे केला आणि कप उचलला. मला हसू आलं. पाठोपाठ एकेक हात येत राहिला, तसं ते हसू विरून गेलं.

चर्चा मात्र जोरात रंगली. ह्यांचं म्हणणं, टंचाईच उरली नाही तर मालकी गाजवणार कशावर, तेव्हा ही समाजवादाच्याही पुढची पायरी. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले भाऊजी ऐकेनात. "ते मशीन कोणाचं हाये, ते सांग पह्यले. आमच्या जिनिंगमंदी नवीन मशीन आली तवा असंच म्हनत होते, आता आराम हाये. आराम झाला, पन घरी बसून." तासाभरात रिकामे कप खिडकीत परत आले, म्हणजे दुसरा चहा हवा होता.

आमच्या वर्गाचा नियम आहे. हजर असलेल्या प्रत्येकानं एकदा बोलल्याशिवाय वर्ग संपत नाही. त्याला फेरी म्हणतात. चर्चेच्या नोंदींची वही हे मिटायला लागले तेव्हा ती पोरगी म्हणाली, "फेरी झाली कुठं? काकू राह्यल्या न."

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

मी म्हटलं, "त्या खणाले कोणी विचारते का, दमला का म्हणून?"

"ते मशीन हाये काकू. ते दमत नाई."

"मंग तिथं असन समाजवाद. इथला खण दमला. पुढच्या रविवारपासून चाय येणार नाई. वर्ग दुसरीकडे भरवा."

मग भाऊजी म्हणाले, "वा वैनी!" आणि टाळ्या पडल्या. ह्यांनी वही उघडून लिहिलं आणि वाचूनही दाखवलं: 'घरातील श्रमाचा मुद्दा प्रभावीपणे मांडला गेला.' सगळे गेल्यावर मी ह्यांना पुन्हा सांगितलं, की मी खरंच म्हटलं होतं.

"खरंच होतं न ते," हे म्हणाले. "म्हणून तर लिहून घेतलं."

पुढच्या रविवारी चार वाजता सगळे आले. मी खिडकीची कडी लावून आतल्या खोलीत पडून होते. विषय तोच पुढे चालू होता. साडेचारला खिडकीवर टकटक झाली. थोड्या वेळानं पुन्हा झाली. "वैनीची तब्येत बरी नाई का?" असं भाऊजींनी विचारलेलं ऐकू आलं. बघायला कुणी आलं नाही.

मग स्वयंपाकघरात लायटर वाजला. मला वाटलं, हे उठले. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. उठून पाहिलं तर ती पोरगी होती. एकेक कप मोजत पातेल्यात पाणी ओतत होती.

"काकू, तुम्ही पडा न. मी करते."

इतका राग मला बावीस वर्षांत आला नव्हता. गॅस बंद केला. तिचं मनगट धरून तिला बाहेर आणलं आणि तिच्या जागेवर बसवलं. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून मीही शेजारी बसले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

"बोल न," हे म्हणाले. "काय म्हणायचं हाये?"

मला काहीच म्हणायचं नव्हतं. मला नुसतं बसायचं होतं.