शिळं पाणी आणि मीटर

पाण्याचा मीटर घ्यायचा हट्ट आमच्या सोसायटीत पहिल्यांदा धरला तो मी. त्या हट्टापायी मी माझ्या आईचं सगळ्यात लाडकं काम जवळजवळ हिरावून घेतलं होतं. ते मला कळलंही नाही, कारण मी बिल वाचण्यात गुंग होतो.

आमची सोसायटी सुरतेच्या डिंडोलीत. बावीस रो-हाऊस, भिंतीला भिंत लागून. पाण्याची लाइन सगळ्यांची एक, बिलही एकच, आणि ते बावीस घरांत सारखं वाटलं जायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मग एकदा बिल बरंच फुगून आलं आणि मी ते वाचायला मागून घेतलं. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, पण सुरतेत वाढलेल्या माणसाला गुजराती वाचायला कोणी शिकवावं लागत नाही. तरीही मला तीन संध्याकाळ लागल्या. एक रक्कम पाणी वापरा, नाहीतर नका वापरू, द्यायचीच. दुसरी जेवढं वापरलं त्याची. आणि खाली सोसायटीच्या प्रमुखांच्या हातचा आकडा, पंपाच्या विजेचा. चौथ्या संध्याकाळी मी बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वापराचे पैसे बावीस घरांत सारखे? कोणी कितीही ओतलं तरी?"

"तेच तर!" मी म्हणालो. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं होतं, हे मला फार नंतर आठवलं.

मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड मिलमध्ये रंगाई बघणारा डाइंग मास्टर आहे. किती किलो कापडाला किती लिटर पाणी, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. शिवाय आम्ही खान्देशातले. गावाला नळ यायचा दहा-दहा दिवसांनी. पाणी जपून वापरणं आमच्या रक्तातच आहे, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. समोरच्या घरात रोज पाइप लावून गाडी धुतली जायची. ते पाहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी चांगलं पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. घरटी मीटर लावा, ज्याने वापरलं त्याने भरावं. माझ्यासारखं काटकसरीचं घर दुसऱ्यांच्या गाड्या धुवायचे पैसे का देईल, वगैरे. आमचे प्रमुख काठियावाडकडचे, हिऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मास्तर, पहेला तमारा घरनुं मापी जुओ."

आधी आपल्याच घरचं मापतो, म्हटलं. आमच्या मिलच्या स्टोअरमध्ये एक जुना मीटर पडून होता. शेठना विचारून तो आणला, प्लंबर बोलावला आणि ओट्याजवळ नळाची लाइन आत शिरते तिथे बसवला. एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या संध्याकाळी गाडीवरून उतरल्या उतरल्या गॉगल कपाळावर सरकवून मी वाकून आकडा वाचला, आणि पुन्हा वाचला.

एका दिवसात नऊशे लिटर! घरात माणसं तीन: आई, बायको आणि मी.

मीटरच बिघडलाय म्हणून मी त्याला एक-दोन चापट्या मारल्या. मग संशय आला गळतीचा. घरातले सगळे नळ बंद केले आणि काट्यासमोर उकिडवा बसलो. काटा जागचा हलेना. गळती नव्हती. प्लंबरला फोन केला, तर तो मलाच म्हणाला, तुम्ही घरात रंगाचं मशीन बसवलंय का? एवढ्या पाण्यात आमच्या मिलचं सॅम्पलचं छोटं मशीन चारदा भरतं, त्यामुळे त्याचं बोलणं मला जास्तच झोंबलं. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. "मी काय सांगू? तुम्ही पाण्याचे मास्तर. उद्या रजा टाका आणि सकाळी सातला घरी थांबा."

माझी पाळी सातची. मी सव्वासहाला गाडीला किक मारतो, आणि सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत डोळा उघडत नाही. त्यामुळे या घरात राहायला आल्यापासून सकाळचे सात मी कधी पाहिलेच नव्हते.

ते त्या दिवशी पाहिले. सातला पंप सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी आईने लुगड्याचा काष्टा खोचला. दिवसभर टाकीतून येणारं पाणी तिला पिण्या-रांधण्याला चालत नाही, सातला तासभर पंपाने थेट येणारं ताजंच लागतं, म्हणून स्वयंपाकघरात तिचा वेगळा संसार मांडलेला असतो: तांब्याचे दोन हंडे, स्टीलचं पिंप, पाच कळश्या आणि कोपऱ्यात निळा ड्रम. नळ खळखळला आणि तिने पहिला हंडा उचलला. काठोकाठ भरलेला, स्वच्छ. तो तिने ओट्यावर उपडा केला. मग दुसरा. मग कळश्या, पिंप. ड्रममधलं पाणी बादलीने उपसून अंगणात, अंगणातून गल्लीत. आमच्या दारापासून शेजारच्या तीन घरांपर्यंत फरशी लख्ख झाली. जाता-येता बाया म्हणत होत्या, "बा, केवुं चोख्खुं!" आई खूश. मग चिंच आणि मीठ लावून हंडे घासले, आणि सगळं नव्याने भरलं. सत्तरीची बाई, पण अंगात वारं शिरल्यासारखी राबत होती.

मी म्हणालो, "माय, हाई काय करी राहिनी तू?"

"काय म्हंजे? पानी भरी राहिनू."

"पन भरेल व्हतं ना!"

"ते कालनं. शिळं."

"पानी शिळं व्हत नही, माय."

तिने हातातली कळशी खाली ठेवली आणि मी वेडा झालोय का ते पाहिलं. "भाकर व्हस, भाजी व्हस, मंग पानी कसं नही व्हस?"

यावर डाइंग मास्टर चिडला. सोसायटीसमोर काटकसरीच्या बाता मारल्या, आता मीटर लागला तर सगळ्यात मोठं बिल आपलंच येणार, माझी काय अब्रू राहील, असं मी बरंच काही बोललो. खरं तर ओरडलोच. आईने ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटरचा आकडा निम्म्याहून खाली आला होता. तिसऱ्या दिवशीही तसाच. मी जाम खूश! बायकोला आकडे दाखवायला गेलो, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमचा आकडा खाली आला. आत्याबाईंचं जेवणही खाली आलंय. सात वाजता भरलेल्या हंड्यांशेजारी नुसत्या बसून असतात. पंप चालतो, त्या ऐकतात, तास झाला की उठतात."

मला वाईट वाटलं. पण माझा स्वभाव असा, की वाईट वाटलं की मी आधी दुसऱ्या कामाला लागतो. घरटी मीटरसाठी प्रमुखांनी वाटलेला संमतीचा कागद घेतला, खाली झोकात सही ठोकली आणि प्रमुखांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्याच हातात दिला. घर बांच्या नावावर आहे, सही बांची लागेल, म्हणाले. खरंच की! बाईच्या नावावर दस्त केला तर नोंदणीचा खर्च वाचतो, म्हणून घर घेताना आईचं नाव मीच घातलं होतं. तिला मीटर हवाय का, हे मात्र मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

आई ओट्यावर बसली होती. मी कागद आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. सही कुठे करायची ते दाखवायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला केला. "काय लिखेल शे, ते सांग आधी."

सांगावं लागलं. बिलाच्या ओळी, स्थिर आकार, वापराचा आकार, बावीस घरं. बायकोपेक्षाही तिला लवकर समजलं. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी एवढ्या वर्षांत तिला कधी विचारली नव्हती.

गावी नळ यायचा तेव्हा घरातली भांडी केव्हाचीच कोरडी असायची. कालचं पाणी ही वस्तूच तिने कधी पाहिली नव्हती. लग्नानंतर वडील लूम चालवायला सुरतेला आले, मागोमाग ती आली. इथेच डिंडोलीत एक खोली भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं, तिने हंडा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणी आलं, आणि हंडा अजून अर्धा भरलेला. ती हंड्याकडे बघत उभीच राहिली. याचं आता करायचं काय? शेवटी तिने तो उंबऱ्याबाहेर ओतला आणि ताजं पाणी भरलं.

"त्या दिनले माले वाटनं," ती म्हणाली, "आते आपले कसानीच कमी नही."

रोज सकाळी ती सुरतेतला तोच दुसरा दिवस पुन्हा काढत होती आणि मी त्याला नऊशे लिटर म्हणत होतो. मी कागद उचलला आणि फाडायला निघालो. मीटर गेला खड्ड्यात, म्हटलं. दर महिन्याला सगळ्यांत मोठं बिल आलं तरी चालेल, प्रमुखांना मी तसं सांगून टाकतो.

आईने कागद ओढून घेतला. "फाडस कसाले? दे पेन." आणि मांडीवर ताट घेऊन, त्यावर कागद ठेवून, एकेक अक्षर काढत तिने सही केली. मग म्हणाली, "बठ्ठं नही वतनार आते. एक कळशी वतसू. आनि ती बी मोजामा यऊ दे."

आता बावीसही घरांना मीटर आहेत. समोरची गाडी आठवड्यातून एकदा धुतली जाते, तीही बादलीने, त्यामुळे मला चिडायला नवं काहीतरी शोधावं लागलं. हंड्यांतलं कालचं पाणी कपड्यांना आणि फरशीला जातं, आणि हे काम आईने इतक्या कडक शिस्तीत लावलंय, की बायकोला आता बादली उचलायची तरी परवानगी घ्यावी लागते. आमचं बिल सगळ्यांत कमी नसतं. प्रमुख भेटले की विचारतात, "केम मास्तर, काटकसर?" मी हसतो.

सुट्टीच्या दिवशी मी हल्ली सातच्या आत उठतो. पंप सुरू झाला की आई एक भरलेली कळशी उचलून बाहेर येते आणि ओट्यावर सावकाश ओतते, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामी कळशी नळाखाली लावते आणि मला मीटरपाशी बसवते.

"फिरना का काटा?" आतून विचारते.

"फिरना, माय."

बिलात ती कळशी वेगळी दाखवत नाहीत. मी मात्र बिल आलं की तिचे पैसे आधी मनात बाजूला काढतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवर कुरकुर सुरू करतो.