दोन बल्ब आणि बाबांचा काळा चष्मा

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदगाव खंडेश्वरहून आमच्याकडे अकोल्याला आलेले माझे बाबा घरातही काळा चष्मा लावूनच बसतात. उजेड सोसत नाही त्यांना.

माझ्या दहावीतल्या सानूने ट्यूबलाइट बंद करून त्यांच्या पडदे ओढलेल्या खोलीत शाळेचा प्रयोग मांडला. साठ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडायचे होते, पोरीने एकापुढे एक जोडले. दोन्ही मिणमिणते!

तिने हिशोब केला आणि रडवेली झाली. "आई, रेझिस्टन्स दुप्पट झाला. दोन्ही मिळून तीसच वॅट!"

ती वायर काढायला लागली, तेवढ्यात बाबांनी चष्मा उतरवला.

"राहू दे वं माय. आलो तवापासून आज पयल्यांदा तुह्यं तोंड पाऊन रायलो."

शाळेत ती बरोबर जोडेल. घरातली जोडणी मात्र आम्ही तशीच ठेवलीय. तुम्ही बदलली असती?