पाटीवरचं नाव

३ डिसेंबर. अडकलेल्या घोंगड्या सोडवायला सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून निघाले. मी दुकानात आणि ऑनलाइन घोंगड्या विकते; त्या जत तालुक्यातल्या गौरक्कांकडून येतात. त्यांचे यजमान सिद्धाप्पा पावसाळ्यात वारले. तेव्हापासून मी मोबाइलवरून पाठवलेले आगाऊ पैसे पोचत होते, माल येत नव्हता. फोनवर उत्तर एकच, "लोकर न्हाई, ताई." इकडे गिऱ्हाइकांनी पैसे भरलेले आणि थंडी सुरू झालेली.

सांगलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. स्टँडवर जतची गाडी डोळ्यांदेखत सुटली, म्हणून भडंग खात पुढच्या गाडीची वाट पाहिली. मिरज सोडल्यावर ऊस विरळ झाला, मग माळ, मेंढरं आणि पाण्याचे टँकर.

"बर्री (या), बसा," म्हणत गौरक्कांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. माग रिकामा होता. विणणारे त्यांचे धाकटे दीर नुसते बसून होते.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक गाडीवाला उतरला. उरलेल्यांतली एक घोंगडी त्यानं निवडली आणि दारातल्या क्यूआर कोडच्या पाटीसमोर मोबाइल धरला. पैसे पाठवण्याआधी त्यानं नाव वाचून विचारलं, "सिद्धाप्पाच ना?"

"व्हय," गौरक्का म्हणाल्या.

तेव्हा मला उलगडा झाला. खातं अजून सिद्धाप्पांचंच होतं आणि पिन फक्त त्यांनाच ठाऊक होता. पैसे आत जात होते, बाहेर निघत नव्हते. आणि मेंढपाळ रोख घेतल्याशिवाय लोकर देत नव्हते.

"बँकेत कळवलं का नाही?"

"आमी वैनीला सांगून दमलो," दीर म्हणाले. "कळवलं तर ही पाटी काढावी लागंल, ते तिला नको."

गौरक्का चटणी वाढत राहिल्या. "आमच्यात बायका धन्याचं नाव घेत न्हाईत. मी जन्मात घेतलं न्हाई. आता घरात तरी कोण घेतंय? ही माणसं इचारत्यात, मी व्हय म्हणते."

"अक्का, माग बंद पडला तर विचारायला येणार कोण?"

त्यांनी चटणीचं भांडं खाली ठेवलं. मग उठून त्यांनी ट्रंकेतून मृत्यूचा दाखला काढला.

बँकेनं जुन्या खात्यासाठी वारसाचा अर्ज घेतला. त्याला वेळ लागणार होता. गौरक्कांच्या स्वतःच्या खात्याचा नवा कोड मात्र लगेच मिळाला. घरी येऊन दिरांनी जुनी पाटी उचकटली.

"टाकू का गं?"

"आण हिकडं," म्हणून त्यांनी ती ट्रंकेत ठेवली.

परतीच्या गाडीत माझ्या मनात तेच चाललं होतं. पैसे योग्य माणसाला जातात का, हे पाहण्यापुरतं पडद्यावरचं ते नाव असतं. मीही आजवर तेवढंच पाहत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, नव्या कोडवर लोकरीची रक्कम टाकली आणि पाठवण्याआधी गौरक्कांना फोन लावला. पडद्यावर आलेलं पूर्ण नाव सावकाश वाचलं, "गौराबाई सिद्धाप्पा…"

आडनावापर्यंत मी पोचलेच नाही.

"व्हय, ताई," त्या म्हणाल्या. "हेच."