सोनाबाईचं सेटिंग

सूतगिरणीत काम करणाऱ्याच्या अंगावर रुई साठते, आणि तिच्याबरोबर किस्सेही! मी पंच्याहत्तर सालच्या आसपास सांगलीजवळच्या आमच्या गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होतो. अजूनही चारचौघांत बसून शर्ट झटकला की एखादा किस्सा निघतोच. त्यातले निम्मे तरी आमच्या नानांचे.

नाना म्हणजे फोरमन. उंब्रजचे, लष्करातून रिटायर होऊन आलेले. मिशा कडक, आत मात्र नुसता लोण्याचा गोळा.

* * *

वार्पिंग मशीनवर चारेकशे धागे शेजारी शेजारी ताणून मोठ्या रुळावर गुंडाळतात. एक जरी धागा तुटला तरी मशीन थांबवून गाठ मारायची. त्या मशीनच्या मोटरीला मुंबईहून नवं ड्राइव्ह पॅनेल आलं. दार उघडलं की आत दोन काळे नॉब, आणि मॅन्युअल इंग्रजीत!

मी अडखळत वाचलं, "ॲक्सिलरेशन टाइम. म्हणजे मोटर सुरू झाल्यापासून फुल स्पीडला किती सेकंदांत जायची, ते."

"कळलं की! मी ॲम्ब्युलन्स चालवलीया. मागं जखमी जवान असला की गाडी कशी सोडायची, ते हे पुस्तक मला शिकवणार व्हय?"

आणि त्यांनी नॉब असा लावला की मोटर कधी सुरू झाली तेच कळलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. आकडा लिहून ठेवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

* * *

दुसरा नॉब फिल्टरचा. मोटरीच्या मागे एक छोटा जनरेटर असतो. मोटर किती वेगानं फिरतेय ते तो पॅनेलला सांगत राहतो. त्या सांगण्यात खरखर आली की मोटर थरथरते. फिल्टर ती खरखर गाळतो. पण फार गाळलं तर पॅनेलला सगळंच उशिरा कळतं. हे नानांना समजावायला मला अर्धा तास लागला.

नाना म्हणाले, "म्हंजे आमच्या म्हाताऱ्यागत! निम्मं ऐकत न्हाई, म्हणून घरात शांतता हाय. पण उद्या आग लागली तर त्याला हलवूनच उठवाय लागंल!"

पुढे मी दोन कोर्स केले. फिल्टर याहून सोपा करून मला कुणीही सांगितला नाही.

* * *

त्या मशीनवर सोनाबाई होती. विट्याकडची. बापानं धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, हट्टानं शाळेत घातलेली, सातवी पास. हात असा की मारलेली गाठ शोधून सापडू नये! पण नोकरी टेंपररी. कायम झाली की चाळीत खोली मिळणार होती, आणि फलटणला मावशीकडे ठेवलेली सहा वर्षांची मुलगी तिच्याजवळ येणार होती.

"आता ती मावशीलाच आई म्हणतीया," असं सोनाबाई हसत सांगायची. आम्हाला हसू यायचं नाही.

* * *

खंडेनवमीला नानांनी पॅनेलची यथासांग पूजा केली. झेंडूचा हार, नारळ (तो बाहेर फोडला, एवढं भान होतं!), आणि प्रत्येक नॉबला अंगठ्यानं कुंकू. खालून वर, चांगलं ठसठशीत.

दसरा झाला आणि मशीन चालू केलं. असा हिसका बसला की पन्नास-साठ धागे एका दमात गेले! पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मॅनेजरसाहेबांनी रजिस्टरात शेरा मारला, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. असा आणखी एक शेरा आला असता तर सोनाबाई घरी बसली असती.

संध्याकाळी मी पॅनेलचं दार उघडलं. कुंकवाचा अंगठा फिरला, तसे नॉबही फिरले होते. नानांनी आपला अंगठा निरखून पाहिला.

मग गेले ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये. टोपी हातात.

"साहेब, चूक माझी हाय. पोरीचा शेरा माझ्या नावावर लावा."

"नाना, कुंकवानं धागे तुटले असं मी वर कळवू? पॅनेलच्या कंपनीचा इंजिनिअर येऊन बघेल. पॅनेल बरोबर निघालं तर बाई जाईल."

"पूजा मी केली, आणि खापर तिच्या डोक्यावर?" नाना म्हणाले.

* * *

इंजिनिअर यायला चार दिवस होते, आणि तोवर धागे असेच तुटत राहिले तर दुसरा शेरा ठरलेला. जुना आकडा कुणालाच आठवेना. नाना नॉबपाशी उभे, मी बटणापाशी.

"आवं नाना, मला इचारा की," सोनाबाई म्हणाली. "धागं काय म्हणत्यात ते माझ्या हाताला कळतं."

तिनं ताणलेल्या धाग्यांवर तळहात अलगद टेकवला. मी बटण दाबलं.

"हिसका हाय. अजून हळू."

नानांनी नॉब केसभर फिरवला.

"सुरुवात ब्येस हाय, पण मधीच थरथरतंय." मग फिल्टर वाढवला. "आता लय आळशी झालं!" मग थोडा कमी केला.

दुपारभर चालू-बंद, चालू-बंद. शेवटी तिनं डोळे मिटले. "हां. झोपल्याली पोर कडंवर घेताना जागी न्हाई झाली पायजे, तसं झालं बघा."

नानांनी उगाचच चष्मा पुसला. मी खाली बघत राहिलो.

* * *

इंजिनिअर आला. तरुण, गळ्यात टाय! त्यानं नॉब बघितले, मॅन्युअल चाळलं.

"पुस्तकात दहा सेकंद आहे, इथे जवळजवळ तीस! फिल्टरही वेगळाच. कुणी केलं हे?"

नाना छाती काढून पुढे सरसावले. पण त्यांच्या आधी सोनाबाईच बोलली, "मी सांगितलं, त्यांनी फिरवलं. हात ठिवून बघा."

तो टाय शर्टात खोचून वाकला. मशीन पाच वेळा चालू-बंद केलं. एक धागा गेला नाही. मग त्यानं नॉबांपाशी खडूनं खुणा केल्या आणि पुस्तकातले आकडे लावून पाहिले. फटाफट धागे तुटले! गुपचूप त्यानं नॉब पुन्हा खडूच्या खुणेवर आणले.

बॅगेतून मशीनचं कार्ड काढलं, त्यावर नवे आकडे लिहिले, आणि 'सेटिंग करणार' या ओळीवर बोट ठेवून पेन सोनाबाईपुढे धरलं. "इथे सही करा."

मॅनेजरसाहेब घाईनं पुढे आले. "अहो, त्या कार्डावर कायम माणसाचीच सही चालते."

इंजिनिअरनं पेनाला टोपण लावलं आणि स्टूल ओढून बसला. "मग मी थांबतो. आधी त्यांचा कायम केल्याचा कागद होऊ द्या."

साहेबांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा तुटलेल्या धाग्यांकडे.  मग शिपायाला म्हणाले, "ऑफिसातून नेमणुकीचा फॉर्म आण. आणि माझा शिक्का."

शिपाई गेला.  सोनाबाई खाली वाकून एकेक धाग्याची गाठ मारत होती. शेवटची गाठ झाली, तशी तिनं हात लुगड्याला पुसले.

"मग तवर मशीन कशाला बंद ठिवायचं?" म्हणाली, आणि हिरवं बटण दाबलं.