शिफारस केलेला आवाज

माईकताईंचं कॉम्प्युटरशी वाकडं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वस्तूंवर रागवायचं कशाला, असं त्याच म्हणायच्या. त्यांचा राग होता तो कॉम्प्युटरच्या आत बसून परस्पर निर्णय घेणाऱ्या कुणा न दिसणाऱ्या शहाण्यावर. विचारायचं नाही, सवरायचं नाही, आपलं चालवायचं आणि वर म्हणायचं, तुमच्यासाठीच केलं.

एकतीस वर्षं ताई बस स्टँडवर अनाउन्समेंट करत होत्या, म्हणून सगळ्यांच्या माईकताई. चौकशीच्या खिडकीमागे काचेची खोली, त्यात एक टेबल, एक माईक आणि डावा हात तुटलेली एक खुर्ची. नवी खुर्ची दोनदा मंजूर होऊन आली आणि दोनदा ताईंनी ती परत पाठवली. हीच हवी म्हणजे हीच हवी, विषय संपला. पण माईकसमोर बसल्या की तोंडून काय सूर निघायचा. "प्रवाशांनी कृपया घाई करू नये" हे त्या इतक्या संथ, गोड आवाजात सांगायच्या की बस सुटत असली तरी माणूस धावायचा थांबे. घरात हा आवाज कुणी ऐकला असेल तर शपथ. घरी कारभार सगळा सडेतोड. भाजीत मीठ जास्त झालं तर जास्त झालं, पाहुणा कंटाळवाणा असेल तर त्याच्या तोंडावर घड्याळ बघायचं.

हा स्वभाव काही वयानं आला नव्हता. आठ वर्षांच्या असताना त्यांनी आईकडे निळं दप्तर मागितलं. आई बाजारातून लाल घेऊन आली आणि म्हणाली, "हेच तुला शोभतं." झालं. ते दप्तर वर्षभर खुंटीला लटकत राहिलं आणि ही पोर पाठ्यपुस्तकं, वह्या, कंपासपेटी छातीशी धरून शाळेत जात राहिली. पावसात पुस्तकं भिजली, वह्यांची शाई पसरली, पण लाल दप्तराला तिनं हात लावला नाही. आईनंही माघार घेतली नाही. कुणाची मुलगी होती ते दिसतच होतं.

बावन्नाव्या वर्षी ताईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. आयुष्यभर ज्याच्या जोरावर पोट भरलं तेच काढायचं म्हटल्यावर ताई आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी स्टँडचा वायरमन घरी आला. वीस वर्षं ह्याचं आणि ताईंचं रोज भांडण, कधी भोंगा खरखरतो म्हणून तर कधी वायर पायात येते म्हणून. त्यानं पिशवीतून जुन्या अनाउन्समेंटचं रेकॉर्डिंग काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे दिलं की कॉम्प्युटर तुमचा आवाज तयार करून देतो. मी चौकशी केलीय."

आणि खरंच दिला हो. इंटरनेटवर एक पान होतं. त्यातल्या चौकटीत वाक्य टाइप करायचं, एंटर दाबायचं, की ताईंचा आवाज बोलायचा. फक्त सगळं स्टँडच्या सुरात. "आई, जेवलीस का" असं विचारलं की वाटायचं जेवण फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. ताई पहिल्यांदा हसल्या, मग रडल्या, मग त्यांनी तो आवाज आपल्या ब्राउझरमध्ये नीट साठवून ठेवला. पडद्यावर त्याचं मोठं चिन्ह लावलं, अक्षरं मोठी केली. घरातल्यांशी त्या पाटीवर पेन्सिलीनं लिहून बोलत, पण फोनवर बोलायचं ते ह्याच आवाजात. दर रविवारी अकरा वाजता फोन स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरसमोर धरायचा आणि आईशी बोलायचं. आई दुसऱ्या शहरात धाकट्या भावाकडे, वय ब्याऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ अधू. तिची सगळ्यांशी ओळख ती कानांनीच.

तर इतकं सगळं नीट लावलेलं. पण त्या कॉम्प्युटर कंपनीचा स्वतःचा एक ब्राउझर होता आणि ताईंनी तो वापरावा असा कंपनीचा हट्ट होता. दर काही दिवसांनी पडद्यावर पाटी यायची, "तुमच्यासाठी शिफारस केलेला ब्राउझर." खाली दोन बटणं. एकावर "आता बदला", दुसऱ्यावर "नंतर आठवण करून द्या". नको म्हणायला बटणच नाही. सांगा आता, हे विचारणं झालं का? दारात आलेला विक्रेतासुद्धा नको म्हटल्यावर जातो. ताई प्रत्येक वेळी "नंतर" दाबायच्या आणि तो निर्लज्जासारखा नंतर यायचा.

मग त्या आठवड्यात बुधवारी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुरुवारी साडेचारची वेळ दिली. उशीर केलात तर ती पुन्हा उभी राहणार नाही, असंही सांगितलं. पण आई संमतीच्या कागदावर सही करेना. भावाला म्हणाली, "तुम्ही सगळे मला गोड बोलून आत ढकलताय. तिनं स्वतः ऑपरेशन करून घेतलंय, ती खरं सांगेल. तिच्याशी बोलल्याशिवाय मी सही करणार नाही." ताईंना गाडीनं पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. ठरलं, चार वाजता फोन.

साडेतीनला ताईंनी कॉम्प्युटर सुरू केला. कॉम्प्युटर अपडेट करत होता. न विचारता. "कृपया बंद करू नका," म्हणे. एकेक टक्का असा सरकत होता की बघणाऱ्याचा जीव जावा. पावणेचारला पडदा उजळला आणि वर लिहून आलं, "स्वागत आहे. तुमच्यासाठी काही गोष्टी आम्ही आणखी सोप्या केल्या आहेत." ताईंचं चिन्ह जागेवर नव्हतं. मोठी केलेली अक्षरं मुंगीएवढी झाली होती. आवाजाचं पान उघडलं ते कंपनीच्या ब्राउझरमध्ये, आणि तिथे ताईंचा आवाज कुठून असणार?

त्यांनी शोधून शोधून स्वतःचा ब्राउझर उघडला. तिथे पान म्हणालं, तुम्ही कोण ते ओळखत नाही, मेलवर लिंक पाठवली आहे, ती दाबा. त्यांनी मेल उघडून लिंक दाबली. लिंक उघडली कंपनीच्या ब्राउझरमध्ये. ओळख पटली ती तिथे, पण साठवलेला आवाज होता इकडे. आपल्या ब्राउझरमध्ये परत आल्या तर पान तसंच आडमुठं उभं. दुसरी लिंक मागवली, तीही तिकडेच गेली. तिसरीही. मग पानानं सांगितलं, फार वेळा प्रयत्न झाला, आता एका तासानंतर या.

ताईंनी वायरमनला मेसेज टाकला होता. तो दोन गल्ल्या पलीकडून धापा टाकत आला, खिशात सवयीनं स्क्रू ड्रायव्हर. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं.

"ताई, इथे तर तुमचाच ब्राउझर निवडलाय. टिकसुद्धा आहे."

ताईंनी पाटीवर लिहिलं, "मग तो दुसरा का उघडतो?"

"मेल त्याच कंपनीचं आहे ना. ते सेटिंगला विचारत नाही."

"मग सेटिंग ठेवलंय कशाला?" शेवटच्या अक्षरावर पेन्सिल मोडली.

"लिंक दाबायची नव्हती, कॉपी करून तुमच्या ब्राउझरमध्ये टाकायची होती," वायरमन हळूच म्हणाला. "पण आता तास थांबावं लागेल."

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. एवढ्यात चार वाजले आणि फोन वाजला. आता उरला होता तो कंपनीच्या ब्राउझरमधला तयार आवाज. विशीतली कुणी पोरगी असावी तसा, लाडिक, गुळगुळीत. ताईंनी टाइप केलं आणि तो बोलला, "आई, मी बोलतेय."

"कोण?" आईचा आवाज आला.

"मी. तुझी मुलगी. माझा आवाज आज कॉम्प्युटरमध्ये अडकलाय."

"माझी मुलगी अशी बोलत नाही, बाई. परवा अशीच एक लाडात येऊन सांगत होती, तुम्हाला बक्षीस लागलंय. फोन ठेव."

मागून भाऊ म्हणाला, "आई, अगं ताईच आहे ती."

"तूच ह्या बाईला पढवून बसवलं असशील. मला आत ढकलायला. मी नाही सही करत, घेऊन जा तो कागद."

ताईंनी आईच्या जन्माची तारीख सांगितली, जुन्या घराचा पत्ता सांगितला. आईचं एकच, "हे सगळं तुला त्यानं सांगितलंय." पलीकडे कुणी नर्स म्हणाली, सव्वाचार झालेत, आत्ता नाही नेलं तर वेळ दुसऱ्याला जाईल. भाऊ रडकुंडीला येऊन म्हणाला, "ताई, चिडू नकोस, शांतपणे एकदा परत सांग."

आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर पाटी आली. "नवा आवाज आवडला का? आम्हाला तारे द्या."

मग मात्र ताईंचा तोल गेला. आईला काय वाटेल, भावाला काय वाटेल, काही विचार नाही. बोटं चौकटीत धावत सुटली आणि एंटर दाबला गेला. तो लाडिक आवाज वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात तसा वाचू लागला.

"आवडला का म्हणून काय विचारतोस, मेल्या. विचारायचं होतं तर आधी विचारायचं. तीन तीनदा सांगितलं, माझं ते मला दे. निळं मागितलं तर लाल आणायचं आणि वर म्हणायचं, हेच तुला शोभतं. मी मागितलं होतं का तुझं लाल? पावसात पुस्तकं भिजवीन, हातात धरून नेईन, पण तुझं दप्तर खांद्याला लावणार नाही. नको म्हणजे नको."

वायरमन भिंतीकडे बघत उभा राहिला.

मग आई म्हणाली, "निळं दुकानात नव्हतंच गं."

ताईंनी टाइप केलं, "मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू दुकानदाराशी भांडायला गेली असतीस." आईनं दम घेतला. "आता खरं सांग. दुखतं का?"

"दुखतं. पहिले तीन दिवस फार दुखतं. नळ्या टोचतात, नर्स हाक मारली की येत नाहीत, आणि येणारा जाणारा म्हणतो की तुम्ही छान दिसताय. चौथ्या दिवशी कमी होतं. मग घरी येता येतं."

"येता येतं ना?"

"मी आले."

"आण रे तो कागद," आई भावाला म्हणाली. कागदाची सळसळ ऐकू आली. मग ती फोनजवळ तोंड आणून म्हणाली, "दोन वर्षं दर रविवारी ती स्टँडवरची बाई मला सांगते, मी मजेत आहे, काळजी नसावी. मी म्हणते, बरं. तिच्याशी भांडता थोडंच येतं? मला वाटायचं, माझी पोर त्या ऑपरेशनमध्येच गेली. आज भेटली."

फोन बंद झाला. ताई रडल्या. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. वायरमननं स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरून आणला आणि बाजूला ठेवला.

तासाभरानं त्यानं लिंक कॉपी करून योग्य जागी टाकली. ताईंचा आवाज परत आला, चिन्ह परत लागलं, अक्षरं मोठी झाली. सहा वाजता भावाचा मेसेज आला, ऑपरेशन नीट झालं.

रविवारी अकरा वाजता आईनंच फोन लावायला सांगितला. आवाज खोल गेला होता, पण शुद्ध चांगली होती. ताईंनी चौकटीत लिहिलं, "आई, मी," आणि पुढे "मजेत आहे" लिहायला घेतलं, तर पडद्यावर पाटी. "आपण नंतर आठवण करून द्यायला सांगितलं होतं. तुमच्यासाठी शिफारस केलेला ब्राउझर."

"का गं थांबलीस?" आईनं विचारलं.

ताईंनी "मजेत आहे" खोडलं आणि दुसरंच लिहून एंटर दाबला. एकतीस वर्षं कृपया कृपया म्हणत आलेल्या त्या फलाटावरच्या संथ, गोड आवाजानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मेल्या म्हटलं, निलाजऱ्या म्हटलं, पुन्हा दारात उभा राहिलास तर तंगडं मोडीन म्हटलं, आणि सगळं अगदी स्पष्ट उच्चारात.

पलीकडे आई हसत होती. हसताना टाके दुखत असावेत, कारण मध्येच कण्हली.

"अजून बोल," ती म्हणाली.